सगळं काही आहे, मग मन का रमत नाही?

पंचेचाळीस-पन्नाशीचा यशस्वी गृहस्थ सहसा मनाची तक्रार घेऊन मानसोपचारतज्ज्ञाकडे येत नाही. तो पित्ताची किंवा छातीतल्या धडधडीची तक्रार घेऊन फिजिशियनकडे जातो. ई.सी.जी. निघतो, स्ट्रेस टेस्ट होते, एंडोस्कोपी होते. सगळे रिपोर्ट नॉर्मल येतात आणि एखादे दिवशी फिजिशियन माझ्या नावाची चिठ्ठी देतात. चिठ्ठी खिशात ठेवून तो आणखी दोन-तीन महिने काढतो. येतो तेव्हाही दुकान बंद झाल्यावरची वेळ मागतो. बाहेर कुणी ओळखीचे बसलेले नाही ना, याची चौकशी आधी कंपाउंडरकडे होते.

अशाच एका गृहस्थांची हकीगत सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. वय ४८, मार्केट यार्डात अडतीचे दुकान. वडिलांच्या वेळचे कर्ज त्यांनी फेडले, दोन मजली घर बांधले, मुलगा पुण्याला इंजिनिअरिंगला. ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, कमी काहीच नाही. पण सकाळी शटर वर करताना हात जड होतात." त्या दिवाळीत वहीपूजनाला बसले, भटजींचे मंत्र चालू होते आणि हे कोऱ्या वहीकडे नुसते बघत राहिले. पहिल्या पानावर 'श्री' काढायला शेवटी पुतण्याने सुचवले. त्यांच्या पत्नी एवढेच म्हणाल्या, "पूर्वी हे रागवायचे. आता रागवतसुद्धा नाहीत." जाडजूड फाइलपेक्षा मला हे वाक्य महत्त्वाचे वाटले.

या अवस्थेला इंग्रजीत 'बर्नआऊट' म्हणतात. न्यूयॉर्कमधील मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉयडनबर्गर यांनी १९७४ साली एका लेखात हा शब्द वापरला. मोफत दवाखान्यांत जीव ओतून काम करणारे कार्यकर्तेच काही काळाने कोरडे पडतात, हे त्यांनी जवळून पाहिले होते. थोडक्यात, आळशी माणसाला हा त्रास सहसा होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या यादीत त्याची तीन लक्षणे दिली आहेत : शक्ती संपल्यासारखे वाटणे, कामाबद्दल दुरावा किंवा कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही अशी भावना. संघटना याला आजार म्हणत नाही, कामाच्या ठिकाणच्या न आवरलेल्या ताणाचा परिणाम म्हणते.

मात्र त्याच्या आड खरा आजार लपलेला असू शकतो, आणि इथेच घरचे फसतात. थायरॉईड, साखर, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासल्याशिवाय मी पुढे जात नाही. झोपेत मोठ्याने घोरणे व मध्येच श्वास अडखळणे, आणि रोज संध्याकाळची 'थोडीशी' दारू, हेही विचारावे लागते. त्यानंतर प्रश्न येतो नैराश्याचा. निव्वळ थकलेल्या माणसाला कामापासून दूर गेल्यावर थोडे तरी बरे वाटते. नैराश्य झालेल्याला नातवाच्या बारशातही काही वाटत नाही. तो पहाटेच जागा होतो, त्याची भूक जाते, आपण ओझे झालो असे त्याला वाटू लागते.

मी या गृहस्थांना सरळ विचारले, "जगणे नकोसे वाटते का?" बराच वेळ गप्प राहून ते म्हणाले, "झोपेत संपलो तर बरे, असे वाटते कधीकधी." असे विचारल्याने माणसाच्या डोक्यात नसते खूळ शिरते, हा समज चुकीचा आहे. उलट विचारले की त्याला हायसे वाटते. आपल्या देशात २०२२ साली १ लाख ७० हजारांहून अधिक आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यांत दर दहांपैकी सुमारे सात पुरुष होते. 'घरात काही कमी नव्हते हो,' हे वाक्य नंतर ऐकण्यापेक्षा आधी विचारलेले बरे.

त्यांना गोळ्याही दिल्या. नैराश्यावरच्या या गोळ्यांचे व्यसन लागत नाही, पण परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे जातात. बरे वाटू लागले म्हणून त्या आपल्या मनाने बंद करू नयेत. व्यसन लागते ते मेडिकलवाल्याकडून चिठ्ठीशिवाय आणलेल्या झोपेच्या गोळ्यांचे.

पण गोळीने माणूस उठून बसतो, 'कशासाठी?' या प्रश्नाचे उत्तर तिच्यात नसते. त्यासाठी बोलण्याचा उपचार लागतो. 'दहा दिवस कुठेतरी फिरून या' हा सल्ला मी देत नाही. माणूस फिरून येतो आणि तिसऱ्या दिवशी हात पुन्हा जड होतात.

आम्ही आठवड्यातून एकदा पाऊण तास बसू लागलो. पहिले काम हिशेबाचे होते, आणि ते त्यांना आवडले. दर दोन तासांनी काय केले ते लिहायचे आणि त्यातून मिळालेल्या समाधानाला दहापैकी गुण द्यायचे. सर्वांत कमी गुण सकाळच्या लिलावाच्या धबडग्याला पडतील अशी माझी अटकळ होती. ते पडले रात्रीच्या वसुलीच्या फोनला. सर्वांत जास्त गुण मात्र एका दुपारच्या अर्ध्या तासाला होते. हमालाच्या मुलाला त्यांनी खतावणी कशी मांडायची ते शिकवले होते. एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाने १९५० साली मांडले, की मध्यम वयात माणसाची भूक बदलते. स्वतःसाठी मिळवण्यापेक्षा पुढच्या पिढीला काही देण्याची ओढ लागते, आणि ती भागली नाही तर आयुष्य साचल्यासारखे होते. शेठजींनी एरिक्सनचे नावही ऐकले नव्हते, वही त्यांचीच होती.

दुसरे काम अवघड होते. 'मी नसलो तर दुकान बसेल' हा नियम त्यांनी तीस वर्षे पाळला होता. अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत असा हट्टी विचार उलटतपासणीला घेतात. मराठीत ही पद्धत कि. मो. फडके यांनी रुजवली. नुसत्या वादाने मात्र व्यापारी पटत नाही, म्हणून प्रयोग ठरवला. गुरुवारी दुपारनंतर चाव्या पुतण्याकडे द्यायच्या. तीन गुरुवारांत एकच चूक झाली. एका पट्टीत हमाली दोनदा वजा झाली होती, शेतकऱ्याने दुसऱ्या दिवशी येऊन ती दुरुस्त करून घेतली. शेठजींना ती रक्कम अजून आठवते. वसुलीचे फोनही आता पुतण्या करतो, आणि तो यांच्यापेक्षा गोड बोलतो असे दिसून आले.

सगळे सुरळीत झाले असे नाही. हंगामात ते अजून गुरुवार चुकवतात, आणि गोळ्या चालू आहेत. परवा त्यांच्या पत्नी भेटल्या. शाळकरी मुलांना हिशेब शिकवायला दुकानामागची खोली रिकामी करायची आहे, त्यावरून घरात भांडण झाले म्हणाल्या. "फार ओरडले हो," असे सांगताना त्या हसत होत्या.

जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागात केसपेपर काढून हे उपचार सुरू करता येतात. तेवढेही जमत नसेल, तर १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेल्या सरकारच्या 'टेलि-मानस' सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. तो मोफत असून दिवसरात्र चालू असतो.