पन्नास वाघिणींचे पाणी आणि एक एकर ऊस

१२ एप्रिल २०१६ च्या पहाटे मिरजेहून निघालेली पाण्याची रेल्वे लातूरला पोचली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. पुढे पन्नास वाघिणींची गाडी सुरू झाली, तेव्हा एका फेरीत पंचवीस लाख लिटर येऊ लागले. पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, धाराशिव (तेव्हाचे उस्मानाबाद), ढोकी आणि मग मुरुडच्या शिवारातून ती गाडी लातूरकडे जात असे. पाणी शहरासाठी होते; मुरुड परिसरातल्या गावांच्या वाट्याला टँकर, अधिग्रहण केलेल्या विहिरी आणि घागरींच्या रांगा. आपल्या रानातून जाणारे पाणी नुसते पाहायचे, हा अनुभव काही साधा नव्हे.

त्या मार्चमध्ये लातुरात पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली होती. मांजरा धरण कोरडे पडले होते. पाऊस कमी झाला हे खरेच. पण सगळा दोष ढगांवर ढकलून चालेल काय? जरा हिशेब मांडून पाहू.

उसाला लागवडीपासून तोडणीपर्यंत दोन ते अडीच हजार मिलिमीटर पाणी लागते. म्हणजे एकरी साधारण ऐंशी लाख ते एक कोटी लिटर. पन्नास वाघिणींच्या तीन-चार गाड्या एका एकरात जिरतात! लातूरचा सरासरी पाऊस साडेसातशे-आठशे मिलिमीटरच्या आसपास. उरलेले पाणी धरणातून किंवा जमिनीच्या पोटातून उपसावे लागते, आणि ते पोट काही अथांग नाही. आपल्या काळ्या मातीखाली बेसॉल्टचा कातळ आहे. त्याच्या भेगांत आणि झिजलेल्या थरांत साठेल तेवढेच पाणी. बोअर दोनशे फुटांवरून पाचशेवर आणि पाचशेवरून आठशेवर नेला, तरी नवे पाणी तयार होत नाही. शेजाऱ्याची विहीर मात्र आटते.

म्हणून ऊस लावणाऱ्याला खलनायक ठरवायचे का? तसे म्हणणे सोपे आहे, पण न्यायाचे नाही. उसाला ठरलेला भाव असतो आणि तो नेणारा कारखाना असतो. तुरीचा भाव ऐन काढणीत कोसळतो. ज्याच्या पोरीचे लग्न आणि पोराची फी उसावर अवलंबून आहे, त्याला नुसता उपदेश करून काय उपयोग? ठिबकने पाणी बरेच वाचते, तेवढे तरी झाले पाहिजे. पण वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर ऊस लावला, तर गावाच्या हाती काहीच उरत नाही.

कायदा आहे. १९९३ च्या कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून पाचशे मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर बंधन घातले. २००९ च्या भूजल कायद्याने साठ मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे दोनशे फुटांपेक्षा, खोल विंधन विहिरींना मनाई केली. बोअरची गाडी रात्री गावात शिरते तेव्हा हा कायदा कुणाला आठवतो, हे वाचकांना ठाऊक आहे.

कायद्यापेक्षा गावाने एकत्र बसून केलेला नियम अधिक टिकतो, असे आमचे मत आहे. पुरंदर तालुक्यातल्या नायगावात १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिथे पाण्याचा वाटा जमिनीवर नव्हे, घरातल्या माणसांवर ठरला. माणशी अर्धा एकर, भूमिहीनालाही हक्क, आणि ऊस नाही. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातले हिवरेबाजार तर लातूरच्या निम्म्याच्या आसपास पाऊस असलेले गाव. तिथे दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतात, पिण्याचे आणि जनावरांचे आधी बाजूला काढतात, आणि उरेल त्यावर पिके ठरवतात. शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही, हा गावाचाच नियम.

घरापुरतेही गणित आहे, आणि ते गृहिणींना आमच्यापेक्षा लवकर कळेल. पाचशे चौरस फुटांच्या छतावर साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडला, तर गळती-उडणे वजा जाता अठ्ठावीस हजार लिटर पाणी हाती येऊ शकते. पहिल्या पावसाचे पाणी सोडून द्यावे, कारण छतावरची धूळ आणि पाखरांची घाण त्यात येते. पुढचे गाळून दहा हजार लिटरच्या झाकणबंद टाकीत साठवले आणि स्वयंपाक-पिण्यासाठी रोज दोन घागरी, म्हणजे तीस लिटर, काढले, तरी ते अकरा महिने पुरते. टाकीचा खर्च आहे; पण टँकरची वाट पाहण्यात बुडालेली रोजंदारी आणि पोरींची शाळा यांचा खर्च कुणी मांडला आहे? मोरीच्या सांडपाण्याचेही तसेच. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीने घरोघरी शोषखड्डे घेतले. गटारे गेली आणि डासही हटले.

२०१६ च्या सप्टेंबरअखेर मुसळधार पाऊस झाला, मांजरा धरण भरले, आणि लोकांनी सुटकेचा श्वास टाकला. पुढच्याच हंगामांत ऊस पुन्हा वाढला; २०१७-१८ साली राज्यात साखरेचे विक्रमी उत्पादन झाले. धरण भरलेले असते तेव्हाच ताळेबंदाची सभा बोलवायला हवी. त्या सभेत उसाचा शेतकरी, भूमिहीन मजूर आणि हंडा वाहणारी बाई एका चटईवर बसतील काय, आणि आधी कोण बोलेल, हे मुरुडसारख्या गावांनीच ठरवायचे आहे.