ब्रेकचं तेल गळतंय? आधी वायसर बघा

हुमनाबाद-बसवकल्याण रस्त्यावर पुढच्या ब्रेकचा लिव्हर मऊ लागला, बोल्टजवळ ओल दिसली, की आपण पाना घेऊन आवळत सुटतो. तिथंच चुकतं. डिस्क ब्रेकची नळी पोकळ बोल्टनं बसवतात; तिच्या टोकाच्या कड्याला दोन्ही अंगांनी तांब्याचे वायसर असतात. एकदा दबलेले वायसर पुन्हा नीट बसतीलच असं नाही; दोन्ही नवे घाला. फार आवळलं तर आटे जातात. कानडीत ‘निधान’ म्हणजे सावकाश, मराठीत ठेवा. इथं दोन्ही खरं! मग झाकणावर लिहिलेलंच तेल, बहुधा डॉट ४, सीलबंद बाटलीतून भरून हवा काढून घ्या. टाकीवर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा, रंग खातं. पॅड भिजले असतील तर बदला. तोवर लेकरांना शाळेत सोडायला शेजाऱ्याची गाडी मागा.