‘शाळा’ वाचली, पण मत कुणाचं?

समजा, कोऱ्हाळे बुद्रुकमधली नववी-दहावीची आठ-दहा मुलं-मुली मिलिंद बोकीलांच्या ‘शाळा’ (२००४) या कादंबरीवर बोलायला बसलीत. पहिला म्हणतो, “लय भारी!” पुढचे सगळे म्हणतात, “भारीच.” एकीला खरं तर विचारायचं असतं, की सगळी गोष्ट नववीतला मुकुंदच सांगतो, मग शिरोडकरच्या मनात काय चाललं होतं ते आपल्याला कसं कळणार? पण ती गप्प बसते.

असं का होतं? लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये ५६३ जणांवर केलेला एक प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाला. एखादी गोष्ट किती धोक्याची आहे, याचा अंदाज प्रत्येकाने आधी स्वतः द्यायचा, मग इतरांचा अंदाज बघून पुन्हा द्यायचा. सगळ्याच वयाचे लोक इतरांकडे सरकले. पण १२ ते १४ वर्षांची मुलं मोठ्यांपेक्षा किशोरवयीनांच्या मताकडे जास्त झुकली. बाकी वयोगटांत असं दिसलं नाही.

हा प्रयोग धोक्याबद्दल होता, पुस्तकांबद्दल नाही, त्यामुळे निष्कर्ष जसाच्या तसा लावू नका. त्याची पद्धत मात्र आपल्याला वापरता येते. बोलायच्या आधी प्रत्येकाने वहीत दोन ओळी लिहायच्या: काय आवडलं, काय खटकलं. मगच वाचून दाखवायचं. चर्चेनंतर मत बदललं तर उत्तमच. पण ते कशावरून कशावर आलं, हे वहीत दिसेल. आणि गप्प बसणाऱ्या मुलीचा प्रश्नही सगळ्यांसमोर येईल.