चावी हातात आली, नाव कागदावर आलं का?



आज बोलायचं आहे ते लांबच्या गावात नवं घर घेणाऱ्या आपल्यासारख्या बायकांविषयी. बदलापूर, वांगणी, टिटवाळा, आसनगाव, विरार... गाव कुठलंही घ्या, गोष्ट बरीचशी सारखीच. मुंबई-ठाण्यात ज्या पैशांत एक खोली मिळत नाही, त्यात इथं वन बीएचके मिळतो. दाराला तोरण लागतं, दूध उतू घालतात, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे गजर होतो. तेव्हा कळतं, घर स्वस्त मिळालं खरं, पण उरलेली किंमत रोज फेडायची आहे.

ती किंमत आधी मोजू या. बदलापूर स्टेशन मुंबईच्या सीएसएमटीपासून 68 किलोमीटरवर आहे. गाडीतच सुमारे दीड तास जातो. जाऊन-येऊन तीन तास. महिन्याचे 25 दिवस धरले तर 75 तास. म्हणजे महिन्यातले तीन दिवस आणि तीन रात्री आपण फक्त लोकलमध्ये असतो. घर ते स्टेशन रिक्षा, पुलावरची गर्दी, फलाटावर थांबणं, हे सगळं वेगळंच. त्यात कल्याणच्या पुढं कर्जतकडे दोनच मार्गिका आहेत आणि त्यांवरूनच लोकल, मेल-एक्स्प्रेस आणि मालगाड्या धावतात. एक गाडी अडली की मागच्या सगळ्या अडतात. मग पाळणाघरवाल्या ताईंना फोन करून "अर्धा तास उशीर होईल हो" असं सांगायचं काम बहुतेक वेळा आईकडेच येतं.

दुसरी किंमत पाण्याची. नळाला पाणी कधी येणार, टँकर कधी मागवायचा, पिंपं कोण भरणार, हेही बाईच्याच डोक्यात. सांगायचा मुद्दा असा की हप्ता कोणाच्याही खात्यातून जावो, घराची किंमत बाई आपल्या वेळानं फेडत असते. मग या घराच्या कागदावर तिचं नाव आहे का?

इथं एक गोष्ट नीट समजून घ्या. बँकेच्या कर्जात सहकर्जदार असणं आणि घराची मालकीण असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पगार दोघांचा दाखवला की कर्ज जास्त मिळतं, म्हणून बायकोची सही घेतात. पण खरेदीच्या करारावर नाव एकट्या नवऱ्याचं असेल, तर कर्ज फेडायची जबाबदारी तिच्यावर आहे, आणि मालकीच्या कागदावर मात्र ती नाही. नॉमिनी म्हणून नाव असलं तरी नुसत्या त्यानं मालकी मिळत नाही. म्हणून आज घरी जाऊन नोंदणी केलेला करार काढा, त्याचा इंडेक्स टू बघा. "खरेदी घेणार" या रकान्यात तुमचं नाव आहे का, ते वाचा. नसेल तर भांडण नको, चर्चा करा. नवऱ्यानं राहत्या घरातला हिस्सा बायकोला बक्षीसपत्रानं दिला तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात मोठी सवलत आहे. कर्ज चालू असेल तर आधी बँकेची संमती घ्यावी लागते.

ज्यांची खरेदी अजून व्हायची आहे त्यांच्यासाठी आणखी एक. घर फक्त बाईच्या किंवा बायकांच्याच नावावर घेतलं तर आपल्या राज्यात 1 एप्रिल 2021 पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. 30 लाखांच्या घराला 30 हजार रुपये वाचतात. करारात पुरुषाचं नाव जोडलं की ही सवलत मिळत नाही. आणि नोंदणीकृत करार होण्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला मागता येत नाही, हा रेरा कायद्याचा नियम आहे.

आता इमारतीच्या कागदांकडे येऊ. पहिला कागद भोगवटा प्रमाणपत्र, ज्याला सगळे ओसी म्हणतात. इमारत मंजूर नकाशाप्रमाणे झाली आहे आणि राहण्यायोग्य आहे, असं नगरपरिषद किंवा महापालिका त्यात लिहून देते. त्याशिवाय ताबा देणं कायद्याला धरून नाही. तरी "राहायला या, ओसी येईलच" असं सांगून चाव्या दिल्या जातात. भाडं आणि हप्ता दोन्ही भरून थकलेली माणसं येतातही. पुढं नळजोडणी रखडते आणि टँकरचा खर्च सगळ्या घरांवर पडतो. घर विकायला काढलं तर गिऱ्हाईकाची बँक कर्ज देताना अडून बसते. म्हणून ओसी डोळ्यांनी बघा, प्रत घ्या.

दुसरी गोष्ट सोसायटी. निम्म्याहून जास्त घरांचं बुकिंग झालं की तीन महिन्यांत सोसायटी स्थापन करून देणं बिल्डरचं काम आहे. सोसायटी झाली की भागदाखला मिळतो. त्यावरची नावं करारातल्या नावांशी जुळतात का, ते तपासा. तिसरी गोष्ट अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर होणं. बिल्डर टाळाटाळ करत असेल तर सोसायटीला जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणासाठी अर्ज करता येतो. हे झालं नाही तर उद्या इमारत जुनी झाल्यावर जमिनीवर आपला हक्क सांगणं अवघड जातं.

गळती, भिंतीला तडे अशा तक्रारींबद्दलही सांगते. ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष दिसला तर तो 30 दिवसांत फुकट दुरुस्त करून देणं बिल्डरवर बंधनकारक आहे. मात्र तक्रार लेखी हवी. फोनवर बोललेलं टिकत नाही. पत्र द्या, पोच घ्या, फोटो ठेवा.

आणि नदीकाठच्या गावात घर घेणार असाल तर पूररेषा विचारा. 27 जुलै 2019 रोजी बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली होती, हजारावर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. इमारत कुठल्या रेषेत आहे, हे नगरपरिषदेत विचारता येतं. त्याहून सोपं म्हणजे जवळच्या जुन्या वस्तीतल्या आजींना विचारा, "पाणी कुठवर आलं होतं?"

मैत्रिणींनो, हे सगळं एकटीनं होणार नाही. पण आपल्या डब्यात रोज दीड तास सोबत बसणाऱ्या बायका बऱ्याचदा एकाच भागातल्या, कधी एकाच इमारतीतल्या असतात. भाजी निवडता निवडता ओसीचाही विषय काढा. सोसायटीच्या कमिटीत महिलांसाठी राखीव जागा असतात, त्या नुसत्या सहीपुरत्या ठेवू नका. पाण्याचं वेळापत्रक आपल्याला पाठ आहे, मग त्यावर निर्णय घेणाऱ्या बैठकीत आपण का नसावं?

या रविवारी एवढंच करा. कपाटातली घराची फाइल काढा, चहा घेऊन बसा आणि आपलं नाव शोधा.