विश्लेषण : नेत्याच्या स्वभावाने परराष्ट्र धोरण किती बदलते?
भारत-बांगलादेश गंगा पाणीवाटप कराराची मुदत डिसेंबर २०२६ पर्यंत आहे. नेत्याचा स्वभाव धोरणात कसा उतरतो आणि कुठे अडतो, हे या करारातून दिसते.

गुजराल यांचा वाटा काय?
झेलममध्ये जन्मलेल्या इंद्रकुमार गुजराल यांनी फाळणीची झळ सोसली होती. १९९६ मध्ये परराष्ट्रमंत्री झाल्यावर त्यांनी पाकिस्तान वगळता लहान शेजाऱ्यांकडून परतफेडीची अपेक्षा न ठेवण्याचे धोरण मांडले. हाच ‘गुजराल सिद्धान्त’.

एवढे पुरेसे होते?
नाही. ढाक्यात शेख हसीना नुकत्याच सत्तेत आल्या होत्या. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसूही अनुकूल होते. त्यामुळे १२ डिसेंबर १९९६ रोजी पंतप्रधान देवेगौडा आणि हसीना यांनी ३० वर्षांच्या करारावर स्वाक्षऱ्या केल्या. याउलट २०११ मध्ये मनमोहन सिंग यांच्या ढाका दौऱ्यात तिस्ता करार ममता बॅनर्जी यांच्या विरोधामुळे अडला.

यातून काय दिसते?
गुजराल पुढे पंतप्रधान झाले, पण वर्षभरही टिकले नाहीत. करार मात्र राहिला. नेता पुढाकार घेतो. त्याच्यानंतरही धोरण टिकायचे, तर ते लेखी करारात उतरावे लागते आणि सीमेवरील राज्यालाही विश्वासात घ्यावे लागते.