युक्ती नवी की सहज सुचण्यासारखी?

आगीचा बंब घंटा वाजवत निघाला की लहानथोर सारेच थांबून पाहतात. त्या गाडीवर पंप, पाण्याची टाकी, नळ्या, शिडी असे किती तरी सामान असते. यातली एकही वस्तू नवी नाही. मग तेच सामान एखाद्या कारखानदाराने वेगळ्या रीतीने बसवले, तर त्याला पेटंट मिळावे का?

प्रश्न वाटतो तितका कोरडा नाही. पेटंट मिळाले की अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षे ती वस्तू इतरांना परवानगीवाचून बनवता येत नाही. बंब बहुधा नगरपालिका आणि महापालिका घेतात. स्पर्धा संपली तर वाढीव किंमत करदात्यांच्याच माथी बसते. उलट, संरक्षणच नसेल तर सुधारणेसाठी खर्च तरी कोण करील?

भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्याने यावर मार्ग काढला आहे. माहितीतली साधने नुसती शेजारी शेजारी मांडली आणि प्रत्येक साधन आपले जुनेच काम स्वतंत्रपणे करीत राहिले, तर तो शोध नव्हे. शिवाय ती युक्ती त्या धंद्यातल्या जाणकाराला सहज सुचण्यासारखी नसावी.

पण ‘सहज’ म्हणजे काय? याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने दिले ते बंबाच्या नव्हे, भांड्यांच्या खटल्यात. मिर्झापूरला पितळी भांडी लेथवर घासताना ती निसटून उडत आणि कामगारांना इजा होण्याचा धोका असे. एका कारखान्याने भांडे दुसऱ्या बाजूने दाबून धरणारी, फिरत्या टोकाची रचना केली व १९५१ साली पेटंटसाठी अर्ज केला. पुढे दुसऱ्या कारखान्याशी वाद झाला. १३ डिसेंबर १९७८ रोजी न्यायालयाने ते पेटंट रद्द ठरवले. सोय झाली होती, धोकाही कमी झाला होता. पण टोकाने दाबून धरण्याची पद्धत जुनीच होती. केलेला बदल कारखान्यातल्या नेहमीच्या सुधारणेपलीकडे जात नव्हता.

हीच कसोटी बंबाला लावून पाहा. गाडीवर पंपाशेजारी शिडी बसवली, तर ती नुसती मांडणी. पण वजनाचा तोल अशा रीतीने साधला, की जाणकारांना जमत नव्हती तेवढी उंच शिडी लहान गाडीने पेलली, तर गोष्ट वेगळी.

न्यायाधीशांची खरी परीक्षा इथेच असते. उत्तर कळल्यावर कोडे सोपेच वाटते. म्हणून त्यांना अर्जाच्या दिवसापर्यंत मागे जाऊन, उत्तर ठाऊक नसलेल्या कारागिराच्या जागी उभे राहावे लागते.

घरातल्या कुणाला अशी युक्ती सुचली, तर चारचौघांत दाखवण्याआधी अर्ज करावा. आणि त्याहीआधी, ती खरोखरच कुणाला सुचली नव्हती का, हे नीट तपासावे.