बागेंतील विष्णुक्रांता

आपल्या बागांत तांबड्या व पिवळ्या फुलांस तोटा नाहीं. खरा निळा रंग मात्र दुर्मिळ. गोकर्णाचें फूल निळें खरें, पण तो वेल असल्यामुळें त्यास आधार लागतो. ओट्याच्या कडेस किंवा वाटेच्या दुतर्फा ठेंगणें, वर्षानुवर्षें टिकणारें निळें फुलझाड पाहिजे असल्यास विष्णुक्रांता लावावी. ही वनस्पति रताळ्याच्या कुळांतील असली तरी कशास विळखा घालून चढत नाहीं. लिनियसनें १७६२ सालीं तिच्या जातीस दिलेलें एव्हॉल्व्ह्युलस हें नांवही यावरूनच पडलें.

या नांवाखालीं दोन निरनिराळीं झाडें मिळतात. पहिलें आपल्या माळरानावरील देशी. त्याचीं पानें लहान व रेशमी लवेचीं असून फूल दोऱ्यासारख्या देठावर, जेमतेम ७ ते १० मिलिमीटरांचें येतें. गणपतीच्या एकवीस पत्रींत विष्णुक्रांतेचें नांव आहे. त्यासाठीं शेंडे कात्रीनें घ्यावे, मुळासकट उपटूं नये. दुसरें मूळचें ब्राझीलकडील, रोपवाटिकांत 'ब्लू डेझ' या नांवानें विकलें जाणारें. तें फूटभर उंच होऊन दोन फूट पसरतें व फूल जवळजवळ इंचभर रुंद असतें. शोभेस हेंच सरस. परंतु तें शंखपुष्पी समजून घरगुती औषधास मुळींच वापरूं नये.

शंखपुष्पी या नांवाचा घोटाळा जुनाच आहे. भारतीय आयुर्वेदीय औषधकोशांतील शंखपुष्पी ही कॉन्व्हॉल्व्ह्युलस जातीची, म्हणजे या दोहोंहून वेगळी. कित्येक ठिकाणीं देशी विष्णुक्रांता, तर केरळांत गोकर्ण त्या नांवानें वापरतात. कॉन्व्हॉल्व्ह्युलसच्या फुलांत स्त्रीकेसराचा दांडा एकच असतो. विष्णुक्रांतेंत दोन, व प्रत्येक पुन्हां दुभंगलेला. व्यापाऱ्याशीं करार करून लागवड करणाऱ्यानें कागदावरील नांवावर न जातां भिंगाखालीं फूल पाहावें. माल तयार झाल्यावर नाकारला गेला तर सबंध हंगाम बुडतो.

आतां लागवडीविषयीं. बागाइतदाराच्या हातून हें झाड मरतें तें बहुधा लाडानें. काळ्या भारी जमिनींत पावसाचें पाणी मुळाशीं साचून राहतें व मुळ्या कुजतात. सात-बाराच्या उताऱ्यावर पोटखराबा म्हणून नोंदलेला मुरमाड तुकडा यास अधिक मानवतो! जमीन काळीच असेल तर वीतभर उंच वरंबा करून मातींत निम्मा मुरूम किंवा जाड वाळू मिसळावी. दर रोपास ओंजळभर चांगलें कुजलेलें शेणखत पुरे. नत्राचें वरखत घातल्यास पाला माजतो व फुलें कमी येतात. वरची दोन बोटें माती सुकल्याखेरीज पाणी देऊं नये.

देशी झाड बियांपासून होतें. त्याच्या बारीक बोंडांत फार तर चार बिया असतात. ब्राझीलच्या झाडाचे मात्र छाट लावावे. पावसाळ्याच्या आरंभीं चार बोटें लांबीचे शेंडे घेऊन खालचीं पानें काढावीं व ओलसर वाळूंत, सावलींत खोचावे. तीन-चार आठवड्यांत मुळ्या सुटतात. हें झाड खारा वारा सोसतें, म्हणून कोंकण व गोव्याच्या किनाऱ्यावरही चालतें.

फुलें सकाळीं उमलून दुपारनंतर मिटतात, आणि ढगाळ दिवशीं नीट उघडतच नाहींत. तेव्हां आंब्याच्या सावलींत लावून फुलांची वाट पाहूं नये. निदान सहा तास ऊन लागेल अशी, शक्यतों घराच्या पूर्वेची जागा निवडावी. थंडी सरतांना फांद्या एक-तृतीयांश छाटल्या म्हणजे झाड मधून विरळ न पडतां पुन्हां दाट फुटतें.